कानांनीं वाचणें

डोळस मनुष्य वाचतो म्हणजे नेमकें काय करतो, हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. सकाळीं वर्तमानपत्र हातीं आलें कीं त्याची नजर प्रथम मोठ्या मथळ्यांवर जाते, तेथून एखाद्या चित्रावर उडी घेते, बाजारभावांवरून घसरते आणि जेथें तिला गोडी वाटेल तेथेंच स्थिरावते. पानावर दोनशें ओळी असल्या तर त्यांतील वीसहि तो धड वाचीत नाहीं. तरी पानावर काय आहे आणि तें कोठें आहे हें त्याला क्षणार्धांत कळून चुकलेलें असतें. हें काम वाचनाच्या आधींचें आहे, आणि तें डोळा इतक्या गुपचुप करतो कीं त्याचे आभार मानावयाचेंहि कोणास सुचत नाहीं.

कानाचें तसें नाहीं. कानाला पान नसतें. त्याच्यावर एका वेळीं एकच शब्द पडतो. तो विरला म्हणजे पुढचा. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही गोष्ट चांगली परिचित आहे. वक्ता जो क्रम धरील तोच श्रोत्याला धरावा लागतो. कंटाळवाणा भाग आला म्हणून दोन परिच्छेद ओलांडून पुढें जातां येत नाहीं, कीं निसटलेलें वाक्य पुन्हां मागवितां येत नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं एखाद्या मनुष्याला बँकेचा हिशेब, परीक्षेचा अर्ज, मित्राचें पत्र आणि रोजचें वर्तमानपत्र हें सारें अशाच रीतीनें, केवळ ऐकूनच, वाचावयाचें आहे. संगणक वापरणाऱ्या अंध मनुष्याची स्थिति ही आहे. फरक इतकाच कीं त्याच्या वक्त्याला थांबवितां येतें, मागें नेतां येतें, आणि पाहिजे त्या ठिकाणीं उडी मारावयास लावतां येतें.

या वक्त्याला इंग्रजींत स्क्रीन रीडर म्हणतात. मराठींत पडदा-वाचक म्हणावयास हरकत नाहीं. तें कांहीं निराळें यंत्र नव्हे. संगणकांत बसविलेली ती एक आज्ञावली आहे. पडद्यावर जें असेल तें ती उच्चारून सांगते, किंवा बोटांखालीं ब्रेलच्या ठिपक्यांत उमटविते. नांव मात्र थोडें फसवें आहे. ही आज्ञावली पडद्याकडे मुळींच पाहत नाहीं. पडदा विझवून ठेवला तरी तिचें वाचन चालूच राहतें. ती वाचते तें पडद्याच्या मागें, संगणकाच्या पोटांत, ज्या नोंदी ठेवलेल्या असतात त्यांवरून. ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे या विषयांतील बहुतेक सगळीं सुखदुःखें कळतात.

प्रश्न केवळ सोयीचा आहे असें कोणीं समजूं नये. अंध मनुष्यास ब्रेल लिपि दीड शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. लुई ब्रेल यानें ती १८२४ च्या सुमारास फ्रान्समध्यें सिद्ध केली, आणि भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल १९५१ सालीं ठरली. परंतु ब्रेलमध्यें पुस्तकें छापलीं जातात, घरीं आलेलें पत्र कोणी ब्रेलमध्यें लिहीत नाहीं. तें दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागे. भावाचें असो, सासरचें असो, वैद्याचें असो, अंध मनुष्याच्या पत्राला नेहमींच एक तिसरा वाचक असे. बँकेंत शिल्लक किती हें शेजाऱ्यास आधीं कळावें आणि धन्याला मागाहून, असा तो व्यवहार होता. शेजारी सज्जन असला तरी ती लाज कांहीं कमी होत नसे.

या आज्ञावलीचा उपयोग कसा करतात तें पाहूं. माऊस येथें निरुपयोगी, कारण बाण कोठें आहे हें दिसत नाहीं. सारा कारभार कळफलकावर चालतो. खालीवर जाणाऱ्या कळांनीं एकेक ओळ ऐकतां येते, डाव्याउजव्या कळांनीं एकेक अक्षर. पण खरी मौज एकाक्षरी कळांत आहे. वेब पान उघडलें असतांना 'एच' हें अक्षर दाबलें कीं वाचक पुढच्या मथळ्यावर उडी घेतो. 'टी' दाबलें कीं पुढच्या कोष्टकावर. 'एफ' दाबलें कीं अर्जांतील पुढच्या रकान्यावर. एक ते सहा हे आंकडे दाबले म्हणजे त्या त्या दर्जाचे मथळे सांपडतात. बोलणें पुरे झालें तर कंट्रोल ही कळ दाबावी, आवाज तत्काळ थांबतो. वर्तमानपत्रावरून नजर फिरविण्याचें जें काम डोळा फुकट करून देतो, तें येथें बोटांनीं शिकून घ्यावें लागतें. परंतु एकदां तें अंगवळणीं पडलें म्हणजे मनुष्य शंभर मथळ्यांचें पान भराभर चाळीत जातो आणि हव्या त्या बातमीवर थांबतो.

मात्र यांत एक अट आहे. मथळा हा मथळा आहे अशी नोंद पान तयार करणाऱ्यानें ठेवलेली पाहिजे. त्यानें नुसतीं अक्षरें मोठीं व ठळक केलीं असतील तर डोळ्याला तो मथळा दिसेल, पण वाचकाच्या दृष्टीनें ती इतर ओळींसारखीच एक ओळ. 'एच' दाबून तो पानभर हिंडेल आणि येथें एकहि मथळा नाहीं असें सांगून मोकळा होईल.

प्रारंभींच्या संगणकांवर हें काम आजच्याहून सोपें होतें, हें ऐकून आश्चर्य वाटेल. १९८० नंतरच्या दशकांत जे संगणक कचेऱ्यांतून शिरले त्यांचा पडदा म्हणजे मुलांची चौकटी आंखलेली पाटीच होती: पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळींत ऐंशी घरें. एका घरांत एक अक्षर. कोणत्या घरांत कोणतें अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतींत जशीच्या तशी असे. वाचकानें ती नोंद उचलावी आणि आवाज काढणाऱ्या यंत्राच्या हवालीं करावी, एवढेंच काम. आयबीएम कंपनींतील गणितज्ञ जिम थॅचर आणि त्यांचे एके काळचे मार्गदर्शक जेसी राइट, जे स्वतः अंध होते, यांनीं या दशकांत अशी एक आज्ञावली सिद्ध केली. कंपनीनें तिला दिलेलें स्क्रीन रीडर हें नांव पुढें साऱ्या जातीलाच पडलें.

याच काळांत अमेरिकेंत टेड हेन्टर नांवाचा एक मनुष्य या उद्योगास लागला. तो पूर्वीं मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेत असे. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्याची दृष्टि गेली. त्यानंतर तो संगणकाची आज्ञालेखनाची विद्या शिकला, आणि १९८७ सालीं बिल जॉइस या भागीदाराबरोबर त्यानें स्वतःची कंपनी काढली. तिनें १९८९ सालीं जो वाचक विक्रीस आणला त्याचें नांव जॉज. 'जॉब ॲक्सेस विथ स्पीच', म्हणजे वाणीच्या द्वारें नोकरीचा मार्ग, या शब्दांचीं तीं आद्याक्षरें. पण शार्क माशाच्या प्रसिद्ध चित्रपटाचें नांवहि तेंच, आणि त्या वेळच्या एका स्पर्धक वाचकाचें नांव फ्लिपर या दूरचित्रवाणीवरील लाडक्या डॉल्फिनचें होतें. व्यापारांतहि विनोदबुद्धि असते ती अशी. पण पहिल्या अर्थाकडे लक्ष द्यावें. नांवांत प्रथम आली आहे ती नोकरी.

नोकरीवरच लवकर संक्रांत आली. १९९० च्या आगेंमागें खिडक्यांचा व चित्रांचा नवा पडदा प्रचारांत आला. डोळस मंडळी हर्षली. अंध कामगारांच्या पोटांत गोळा उठला. जुना पडदा पाटीसारखा होता, नवा रांगोळीसारखा. रांगोळींत स्वस्तिक दिसतें, परंतु तेथें खरोखर असते ती पांढऱ्या पुडीची ओळ. स्वस्तिक पाहणाऱ्याच्या मनांत असतें. त्याचप्रमाणें नव्या पडद्याच्या स्मृतींत 'क' हें अक्षर नव्हतें, फक्त काळे-पांढरे ठिपके होते. वाचकानें उचलावयाचें काय? ज्या कचेऱ्यांत अंध माणसें टंकलेखक, दूरध्वनि-कारकून, आज्ञालेखक म्हणून नुकतीं कोठें स्थिरावलीं होतीं, तेथें एका रात्रींत यंत्र बदललें कीं त्यांचें सारें कसब वायां जाणार होतें.

त्यांतून काढलेली वाट मोठी चतुर होती. रांगोळी पाहतां येत नसेल तर रांगोळी काढणाऱ्याला मिळणाऱ्या सूचना ऐकाव्या. कोणतीहि आज्ञावली पडद्यावर अक्षर उमटविण्याआधीं संगणकाला हुकूम सोडते कीं अमुक ठिकाणीं अमुक अक्षर काढ. वाचकानें दाराला कान लावून हे हुकूम ऐकण्यास सुरुवात केली आणि त्यांवरून पडद्याची एक गुप्त वही स्वतःपाशीं ठेवली. वाचावयाचें तें या वहींतून. विंडोजसाठीं जॉजची आवृत्ति १९९५ सालीं निघाली ती याच युक्तीवर. युक्ति चाले, पण चोरून ऐकण्याचे सर्व दोष तिच्यांत होते: एखादा हुकूम निसटला कीं वही चुके, आणि संगणकाची नवी आवृत्ति आली कीं कान लावण्याची जागाच बदलून जाई.

पुढें संगणकाची मूळ व्यवस्था करणाऱ्यांनींच एक राजरोस दार ठेवलें. मायक्रोसॉफ्टनें १९९७ सालीं अशी सोय केली कीं पडद्यावरील प्रत्येक वस्तूनें विचारणाराला आपली माहिती आपणच द्यावी. माहिती मुख्यतः तीन प्रकारची: नांव काय, काम काय, आणि सध्यां स्थिति कोणती. आज अंध मनुष्य अर्ज भरतांना जें ऐकतो तें याच तिहेरी सांच्यांतून येतें. 'पाठवा, बटन, सध्यां बंद.' 'अटी मान्य आहेत, चौकोन, खूण केलेली नाहीं.' 'जन्मतारीख, लिहिण्याची जागा, रिकामी.' घरांत नव्यानें आलेल्या पाहुण्यास ज्याप्रमाणें हे काका, शिक्षक आहेत, सध्यां रजेवर आहेत, असें सांगावें त्याचप्रमाणें हें आहे.

काम आणि स्थिति बहुधा यंत्रालाच ठाऊक असतात. नांव मात्र मनुष्यानें द्यावें लागतें, आणि घोटाळा होतो तो तेथें. डोळस कारागीर बटनावर सुंदर चित्र काढतो: टोपली म्हणजे खरेदी, फुली म्हणजे रद्द. चित्र दिसतेंच आहे, मग नांव लिहिण्याची आवश्यकता काय, असें त्याला वाटतें. वाचक तेथें येतो आणि म्हणतो, 'बटन.' पुढचें, 'बटन.' त्यापुढचें, 'बटन.' पैसे देण्याचें कोणतें व परत फिरण्याचें कोणतें, हें ऐकणारानें कसें ओळखावें? छायाचित्रांचीहि तीच कथा. चित्राखालीं न दिसणारें दोन ओळींचें वर्णन ठेवण्याची सोय वेबच्या भाषेंत पहिल्यापासून आहे, आणि वेबचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुलभतेच्या नियमांत तीच गोष्ट अगदीं आरंभीं सांगितली आहे. वर्णन नसेल तर कित्येकदां वाचक चित्राच्या कागदोपत्रीं नांवाचा पाढा वाचतो, 'आय एम जी शून्य दोन चार सात,' आणि ऐकणारा समजतो कीं येथें कांहीं तरी होतें, तें इतरांना दिसलें.

कोष्टकाची गोष्ट तर प्रत्येक घराला समजेल अशी आहे. रेल्वेच्या वेळापत्रकांत नजर एकदां वर जाते, एकदां डावीकडे जाते, आणि मध्यें १७.१० हा आंकडा सापडला कीं गाडी कोणती व स्थानक कोणतें हें कळतें. कानावर नुसता १७.१० पडला तर तो निरर्थक. पण कोष्टकाच्या रकान्यांना व ओळींना मथळे लावलेले असतील तर वाचक प्रत्येक घरांत शिरतांना तो मथळाहि उच्चारतो, आणि मनुष्य कोष्टकांत चारी दिशांना फिरूं शकतो. दहा मिनिटांच्या दक्षतेचा हा प्रश्न आहे. ती घेतली जात नाहीं, कारण न घेतल्याचें दिसत नाहीं.

किमतीचा अडथळाहि मोठा होता. विकत मिळणारे वाचक इतके महाग असत कीं पुष्कळदां संगणक स्वस्त आणि त्याला वाचा देणारी आज्ञावली महाग असा उलटा हिशेब होई. ऑस्ट्रेलियांत मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं स्वतःच एक वाचक लिहावयास घेतला. लहानपणीं अंध मुलांच्या संगीत-शिबिरांत भेटलेला जेम्स टेह हा त्याचा मित्र, तोहि अंध, त्याला येऊन मिळाला. या वाचकाचें नांव एनव्हीडीए. तो विनामूल्य आहे, आणि त्याची घडण सर्वांस पाहण्यास व सुधारण्यास मोकळी आहे, म्हणून जगांतील स्वयंसेवकांनीं त्याला आपापल्या भाषांत नेलें. गरीब देशांतील अंध विद्यार्थ्याला ज्याच्यासाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं असा हा वाचक, डोळे नसलेल्या दोघांनीं आपल्या गरजेपोटीं उभा केला, याला महत्त्व आहे.

आतां मराठीकडे वळूं. कारण येथें अडचणीचा एक निराळाच प्रकार आहे आणि तो आपल्याच हातचा आहे. संगणकाला अक्षरें ठाऊक नसतात, आंकडे ठाऊक असतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून कोणता आकार काढावयाचा तें टंक, म्हणजे फॉण्ट, ठरवितो. पूर्वीं देवनागरीला स्वतंत्र क्रमांक नव्हते तेव्हां छपाई करणाऱ्यांनीं एक युक्ति योजिली. इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक घ्यावे आणि आकार तेवढे देवनागरीचे बसवावे. टंकलेखन यंत्राच्या जुन्या मांडणीवर बेतलेल्या एका प्रसिद्ध टंकांत 'कमल' हा शब्द संगणकाच्या पोटांत 'डी, ई, वाय' या तीन इंग्रजी अक्षरांनीं ठेवलेला असतो. डोळ्याला तेथें कमळ दिसतें. वाचक म्हणतो, 'डे.' वर सांगितलेंच आहे कीं तो पडद्याकडे पाहत नाहीं, पोटांतील नोंद पाहतो. आणि नोंदींत मराठी नाहीं! दिसावयास शुद्ध, सुबक, मराठी असलेलें सबंध पुस्तक त्याच्या मुखांतून इंग्रजी अक्षरांची व विरामचिन्हांची बडबड होऊन बाहेर पडतें.

१९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. 'क' चा क्रमांक २३२५. तो जगांतील कोणत्याहि संगणकावर 'क' च राहणार. युनिकोडमध्यें लिहिलेलें मराठी वाचक नीट वाचतो. परंतु जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर अद्यापि सांठून आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ परिपत्रकें कागदावर छापून, सही-शिक्का करून, मग त्यांचें छायाचित्र घेऊन संकेतस्थळावर ठेवलीं जातात. छायाचित्रांत एकहि अक्षर नसतें. तें पुन्हां ओळखून काढणाऱ्या आज्ञावली आहेत, मराठीसाठींहि आहेत. पण शिक्का अक्षरांवर पडला असेल किंवा कागद वांकडा ठेवला असेल तर त्याहि थकतात. जें मूळांत अक्षररूपानें लिहिलें गेलें होतें तें आधीं पुसावयाचें आणि मग तर्कानें पुन्हां मिळवावयाचें, हा उफराटा उद्योग अनेक कचेऱ्यांत मोठ्या नेमानें चालतो.

मजकूर नीट असला तरी तो उच्चारण्याचें काम उरतेंच. देवनागरी जशी लिहितात तशीच वाचतात, असें शाळेंत सांगितलें जातें. यंत्राला शिकवावयास बसलेल्या मनुष्याला तें तितकेंसें खरें नाहीं हें लवकर उमगतें. 'करवत' लिहितात, पण बोलतांना 'र' आणि शेवटचा 'त' यांतील अकार गळतो. 'चार' मधील 'च' आणि 'चाक' मधील 'च' हे दोन निराळे वर्ण आहेत, चिन्ह एकच. 'माझा' मधील 'झ' दांतांकडचा, तर 'माझी' म्हणतांच तो टाळूकडे सरकतो. 'संत', 'संबंध', 'संशय' यांतील अनुस्वार तीन तऱ्हांनीं उच्चारावा लागतो. मराठी मुलाला हें आईच्या मांडीवर समजतें. यंत्राला एकेक नियम आणि एकेक अपवाद लिहून द्यावा लागतो. एनव्हीडीएबरोबर मिळणारा ईस्पीक हा विनामूल्य आवाज मराठी बोलतो तो अशाच नियमांच्या बळावर, आणि त्याचा सूर परक्या मुलखांतून आलेल्या माणसासारखा लागतो. जुन्या वळणाच्या लेखनांत 'तें', 'घरांत', 'नाहीं' असे मुके अनुस्वार असतात. १९६२ च्या नियमांनीं ते गेले. नियमानें चालणाऱ्या यंत्राला ते मुके आहेत हें कोणीं सांगितलेलें नसेल, तर सारा मजकूर नाकांत बोलल्यासारखा ऐकूं येतो. मोठ्या कंपन्यांचे अलीकडचे मराठी आवाज पुष्कळ गोड आहेत.

गोडपणा मात्र सर्वांस नको असतो. सरावलेला अंध वाचक आवाजाची गति इतकी वाढवितो कीं शेजारीं बसलेल्या माणसाला ती भाषाच वाटत नाहीं. साधारण बोलण्यांत इंग्रजीचे मिनिटास दीडशेंच्या आसपास शब्द होतात. अशा वाचकांपैकीं पुष्कळ त्याच्या दुप्पट व कित्येक त्याहूनहि अधिक वेगानें ऐकतात. त्या वेगाला मनुष्यासारखे गोड आवाज अस्पष्ट होऊं लागतात आणि जुना, पत्र्यासारखा, यांत्रिक आवाज स्वच्छ राहतो. पाहुण्याला कीव येते, वापरणाराला तोच हवा असतो. ज्यांना शुद्धलेखन डोळ्यांत तेल घालून तपासावयाचें आहे, किंवा ज्यांना ऐकूंहि येत नाहीं, त्यांच्यासाठीं ब्रेलची पट्टी असते: संगणकाला जोडलेली, जिच्यावर विजेच्या योगानें बारीक खुंट्या वर येतात व खालीं जातात. ती फार महाग असते.

कांचेच्या फोनविषयीं तर सर्वांनीं आधींच निराशा केली होती. जेथें बोटाला एकहि कळ लागत नाहीं अशा गुळगुळीत कांचेवर अंध मनुष्यानें काय करावें? २००९ सालीं ॲपलनें आपल्या फोनमध्यें व्हॉइसओव्हर हा वाचक बसविला, आणि अँड्रॉइडमध्येंहि त्याच वर्षीं टॉकबॅक आला. बोट जेथें टेकेल तेथील वस्तूचें नांव फोन उच्चारतो. पसंत असेल तर दोनदां टकटक करावें, म्हणजे ती उघडते. सोय इतकी साधी कीं तिला पुढें दाद मागावी लागली नाहीं. निराळी खरेदी नाहीं, निराळें यंत्र नाहीं. सर्वांच्या फोनमध्यें ती आहेच. शिवाय पडदा सर्वस्वीं काळा ठेवून, कानांत नळी घालून काम करतां येतें. आगगाडीच्या डब्यांत शेजारचा प्रवासी डोळस माणसाचें पत्र खांद्यावरून वाचूं शकतो, अंध माणसाचें नाहीं.

व्यवहार जसजसे फोनवर गेले तसतशी या साऱ्याची निकड वाढली. भारतांत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. सरकारनें माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरतां येईल असें करावें, असें त्यांत आहे. तरी खातें उघडतांना ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्याकडे पाहा, चेहरा चौकटींत धरा, डोळे मिचकवा, अशा आज्ञा फोन देत राहिला. चौकट कोठें आहे हें अंध मनुष्याला दिसत नाहीं. आम्लहल्ल्यांत ज्यांच्या पापण्या जळाल्या त्यांना मिचकवितां येत नाहीं. अशा दोन अर्जांवर सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२५ रोजीं निकाल देऊन सांगितलें कीं डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटविण्याच्या रीती सुलभ करण्याविषयीं वीस सूचना दिल्या. मुंबईंत सेंट झेवियर्स महाविद्यालयांत २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठीं एक साधन-केंद्र आहे. अशा ठिकाणीं तरुण हें कळफलकाचें वाचन शिकतात. पण शिकून बाहेर पडलेल्या तरुणाची गांठ पडते ती नांव नसलेल्या बटनांशींच.

अलीकडे चित्रांचें वर्णन यंत्राकडूनच करवून घेण्याची सोय झाली आहे. बी माय आइज नांवाची एक सेवा २०१५ सालीं डेन्मार्कमध्यें निघाली. अंध मनुष्यानें फोनचा कॅमेरा एखाद्या वस्तूकडे धरावा आणि कोठें तरी बसलेल्या डोळस स्वयंसेवकानें ती काय आहे तें सांगावें, अशी ती योजना. २०२३ पासून त्याच सेवेंत कृत्रिम बुद्धीचें यंत्रहि वर्णन सांगूं लागलें. लग्नाचें छायाचित्र असेल तर तें मांडवाचा रंग आणि वधूच्या चेहऱ्यावरील हास्यहि सांगतें. पूर्वीं स्वप्नांतहि नव्हती अशी ही गोष्ट आहे. पण या यंत्राला न दिसलेलें दिसलें म्हणण्याची खोड आहे, आणि तें खोटें व खरें एकाच ठाम आवाजांत सांगतें. मांडवाचा रंग चुकला तर बिघडत नाहीं. औषधाच्या पाकिटावरील मात्रा चुकली तर बिघडतें, आणि ऐकणाराजवळ पडताळा पाहण्याचें साधन तेंच यंत्र असतें.

ज्यांना ही वाचा प्रत्यक्ष ऐकावयाची असेल त्यांना कोठें जावें लागत नाहीं. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, विंडोज आणि एन्टर या तीन कळा एकदम दाबल्या कीं नॅरेटर हा वाचक बोलूं लागतो, आणि त्याच कळांनीं गप्प होतो. फोनमध्यें तो सेटिंग्जमधील सुलभतेच्या विभागांत सांपडतो. आपल्या संस्थेचें, शाळेचें किंवा दुकानाचें पान उघडून पडदा झांकून घ्यावा आणि एखादा अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. फोनवर मात्र एक सावधगिरी ठेवावी: वाचक चालू झाला कीं एका स्पर्शानें वस्तु केवळ बोलते, उघडत नाहीं, उघडण्यास दोनदां टकटक करावी लागते, आणि पान सरकविण्यास एकाहून अधिक बोटें. हें ठाऊक नसल्यानें कित्येकांना तो पुन्हां बंद करतां येईना, तेव्हां बंद करण्याची रीत आधींच पाहून ठेवलेली बरी.